वीज नाही, चालक नाही, तरी भट्टी थंड राहील? लहान अणुभट्ट्यांच्या पॅसिव्ह सुरक्षेविषयी

प्रश्न असा आहे : तारापूरला लहान मॉड्युलर अणुभट्ट्या उभ्या राहणार असे वाचण्यात येते, या भट्ट्यांमध्ये वीज गेली आणि चालक जागेवर नसला तरी गाभा, म्हणजे इंधन असलेला मधला भाग, आपोआप थंड होत राहतो, असे सांगितले जाते, प्रश्नकर्ते तारापूरजवळच्या बोईसरला राहतात आणि यात खरे किती व जाहिरात किती, हे त्यांना हवे आहे. माझी बरीच वर्षे अणुभट्टीतील उष्णता आणि पाण्याचा प्रवाह यांची गणिते करण्यात आणि ती प्रयोगशाळेत पडताळून पाहण्यात गेली आहेत, म्हणून उत्तर देण्याचे धाडस करतो. दावा बराचसा खरा आहे. मात्र सगळा भार ज्या ‘आपोआप’ या शब्दावर टाकलेला आहे त्याला पायऱ्या आहेत, आणि कोणती भट्टी कोणत्या पायरीवर उभी आहे हे न विचारता दिलेले कोणतेही उत्तर अर्धवट राहील.

आधी मूळ अडचण नीट मांडू, कारण अनेकांचा समज असा असतो की भट्टी ‘बंद’ झाली म्हणजे धोका संपला. अणुविभाजनाची साखळी थांबवणे हे तुलनेने सोपे काम आहे. दाबित पाण्याच्या, म्हणजे उच्च दाबाखालच्या पाण्याने थंड होणाऱ्या, बहुतेक भट्ट्यांत साखळी थांबवणारे नियंत्रक दांडे विद्युतचुंबकाने वर धरून ठेवलेले असतात. वीज गेली की चुंबक सुटतो आणि दांडे स्वतःच्या वजनाने काही सेकंदांत गाभ्यात उतरतात. परंतु विभाजनातून तयार झालेली किरणोत्सारी मूलद्रव्ये नंतरही क्षय पावत राहतात आणि त्यांची उष्णता कोणत्याही बटणाने बंद करता येत नाही. भट्टी थांबल्या क्षणी ही उष्णता पूर्ण औष्णिक शक्तीच्या सहा-सात टक्के असते, तासाभराने सुमारे दीड टक्का होते, आणि एका दिवसाने अर्ध्या टक्क्याच्या आसपास उतरते. पुढे मात्र ती फार सावकाश घटते.

टक्के ऐकून अंदाज येत नाही, म्हणून टँकरच्या हिशेबात सांगतो. ३००० मेगावॉट औष्णिक शक्तीच्या मोठ्या भट्टीत एका दिवसानंतरचा अर्धा टक्का म्हणजे १५ मेगावॉट. केवळ पाणी उकळवून ही उष्णता काढायची ठरवली, तर त्या गतीने दिवसाला दहा हजार लिटरचे पन्नास-साठ टँकर लागतील. २५० मेगावॉट औष्णिक शक्तीच्या लहान भट्टीत तेच काम चार-पाच टँकरांत भागते. एवढे पाणी भट्टीभोवतीच्या हौदात आधीच भरून ठेवता येते. रोज पन्नास टँकरांचे पाणी महिनाभर पुरेल असा हौद बांधणे ही वेगळीच गोष्ट झाली. लहान आकाराचा पहिला खरा फायदा इथे आहे. दुसरा फायदा भूमितीतून येतो : व्यास निम्मा केला की घनफळ आठपट कमी होते, पण पृष्ठभाग चारपटच कमी होतो, त्यामुळे आतल्या प्रत्येक घनमीटरच्या वाट्याला उष्णता बाहेर टाकणारी भिंत दुप्पट येते.

आता ‘पॅसिव्ह’ या शब्दाकडे वळू. त्याला मराठीत ‘निष्क्रिय’ म्हणतात आणि तो शब्द मला कधीच आवडला नाही, कारण निष्क्रिय म्हटले की काहीच न करणारी व्यवस्था डोळ्यांपुढे येते. इथे काम तर चालूच असते. फक्त ते पंप किंवा जनरेटर करत नाही, गुरुत्वाकर्षण आणि गरम-थंड पाण्याच्या घनतेतील फरक करतो. पुण्यातल्या अनेक इमारतींच्या गच्चीवर हे रोज घडते. सोलर हीटरच्या नळ्या खाली आणि टाकी वर असते. नळीतले पाणी तापून हलके होते, वर चढते, टाकीतले थंड पाणी खाली उतरते, आणि एकही पंप न लावता सूर्य असेपर्यंत हे चक्र चालते. याला थर्मोसायफन म्हणतात. अणुभट्टीत खाली गाभा आणि वर उष्णता शोषणारा स्टीम जनरेटर किंवा कंडेन्सर ठेवला की तत्त्व तेच राहते. सोलर वापरणाऱ्यांना त्याची खोडही ठाऊक असेल : वरच्या वळणावर हवा अडकली की ऊन असूनही पाणी तापत नाही, आणि प्लंबर येऊन हवा काढून जातो. ही खोड लक्षात ठेवा, पुढे ती पुन्हा भेटणार आहे.

आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने १९९१ साली पॅसिव्हपणाच्या चार श्रेणी ठरवून दिल्या, आणि मला आजही त्या उपयोगी वाटतात. पहिल्या श्रेणीत काहीच हलत नाही, जसे इंधनावरचे धातूचे आवरण किंवा काँक्रीटची भिंत. दुसऱ्या श्रेणीत फक्त द्रव हलतो. तिसऱ्या श्रेणीत एखादा यांत्रिक भागही हलतो, उदाहरणार्थ दाबातील फरकाने उघडणारा एकदिशा व्हॉल्व्ह. चौथ्या श्रेणीत सुरुवात करून देण्यासाठी एक इशारा आणि एकदाच हलणारा व्हॉल्व्ह लागतो, त्यानंतर सारे निसर्गावर सोडलेले असते. माहितीपत्रकात ज्याला सरसकट ‘पॅसिव्ह’ म्हटलेले असते ते बहुधा तिसऱ्या-चौथ्या श्रेणीतले असते. त्यात फसवणूक नाही. पण चौथ्या श्रेणीतल्या व्यवस्थेचे भवितव्य त्या एका व्हॉल्व्हवर टांगलेले असते, आणि माझ्या उत्तराचा गाभा हाच आहे.

पॅसिव्ह शीतकरण प्रत्यक्षात कसे उपयोगी पडते याचे सर्वांत बोलके उदाहरण आपल्याच देशातले आहे. ३१ मार्च १९९३ रोजी उत्तर प्रदेशातील नरोरा येथे पहिल्या भट्टीच्या टर्बाइनची पाती तुटली, जनरेटरमधील हायड्रोजनने पेट घेतला, आगीत विजेच्या केबल जळाल्या आणि सुमारे सतरा तास केंद्रात कोणतीही वीज उरली नाही. नियंत्रण कक्ष धुराने भरल्यामुळे तो सोडावा लागला. गाभा मात्र सुरक्षित राहिला, कारण स्टीम जनरेटर गाभ्याच्या वर होते आणि प्राथमिक परिपथातील, म्हणजे गाभ्यातून फिरणारे, जड पाणी थर्मोसायफनने फिरत राहिले. परंतु स्टीम जनरेटरच्या दुसऱ्या बाजूचे पाणी उकळून संपत होते, आणि ते भरून काढण्यासाठी कर्मचाऱ्यांनी डिझेलवर चालणारे अग्निशमन पंप सुरू करून त्यांचे पाणी तिकडे वळवले. भट्टी पुन्हा चेतू नये म्हणून बोरॉनचे द्रावणही हाताने व्हॉल्व्ह उघडून गुरुत्वाने आत सोडले. म्हणजे निम्मे काम निसर्गाने केले आणि निम्मे अंधारात, धुरात धावणाऱ्या माणसांनी. ‘पंपाशिवाय फिरणारे पाणी’ आणि ‘माणसाशिवाय टिकणारी भट्टी’ यांत किती अंतर असते, ते नरोराने दाखवून दिले.

उलट बाजू फुकुशिमाची आहे. तेथील पहिल्या भट्टीत, जी १९७१ पासून चालत होती, आयसोलेशन कंडेन्सर नावाची अस्सल पॅसिव्ह व्यवस्था होती : गाभ्यातली वाफ वरच्या टाकीतील नळ्यांत जाते, थंड होऊन पाणी होते आणि स्वतःच्या वजनाने परत येते, पंपाची गरज नाही, आणि टाकीत पुन्हा पाणी भरत राहिले तर ती दीर्घकाळ चालू शकते. (तारापूरच्या १९६९ पासूनच्या पहिल्या दोन भट्ट्या याच कुळातल्या आहेत आणि त्यांच्यातही याच तत्त्वावरचा इमर्जन्सी कंडेन्सर आहे.) ११ मार्च २०११ च्या भूकंपानंतर हा कंडेन्सर ठरल्याप्रमाणे सुरू झाला. तो इतका चांगला चालला की भट्टी ठरलेल्या मर्यादेपेक्षा, म्हणजे ताशी ५५ अंशांपेक्षा, वेगाने थंड होऊ लागली, म्हणून चालकांनी नियमाप्रमाणे त्याचे व्हॉल्व्ह बंद-चालू करत तापमान सांभाळले.

मग त्सुनामी आली आणि बॅटरीवरची वीजही गेली. कंडेन्सरची नळी फुटली तर वाफ बाहेर जाऊ नये म्हणून तेथे एक नळीफुटी ओळखणारे सर्किट बसवलेले होते, आणि त्या सर्किटची वीज गेली की ‘नळी फुटली’ असे समजून व्हॉल्व्ह बंद करण्याचा आदेश जाईल, अशी त्याची रचना होती. गळती रोखण्याच्या दृष्टीने ही रचना सुरक्षित होती. गाभा थंड ठेवण्याच्या दृष्टीने तीच घातक ठरली. त्याहून वाईट म्हणजे नियंत्रण कक्षातील दिवे आणि मापके विझल्यामुळे व्हॉल्व्ह उघडे आहेत की बंद, हे कोणालाच ठामपणे सांगता येईना. आणि पुढे झालेल्या चौकशीत असे दिसले की पाळीवरच्या एकाही माणसाने त्यापूर्वी हा कंडेन्सर प्रत्यक्ष चालवलेला नव्हता. तिन्ही वितळलेल्या भट्ट्यांपैकी सर्वांत आधी वितळली ती हीच, जिच्यात सर्वांत ‘पॅसिव्ह’ व्यवस्था होती. म्हणून कोणत्याही नव्या रचनेचा आराखडा समोर आला की मी सर्वांत आधी एक तक्ता मागतो : वीज गेली, हवेचा दाब गेला, संगणकाचा इशारा गेला, तर प्रत्येक व्हॉल्व्ह कोणत्या स्थितीत जाईल, आणि ती स्थिती कोणत्या अपघातासाठी सुरक्षित मानली आहे?

आजच्या लहान भट्ट्यांच्या रचनाकारांनी हा धडा घेतलेला दिसतो. ओंटारियोतील डार्लिंग्टन येथे ज्या ३०० मेगावॉटच्या बीडब्ल्यूआरएक्स-३०० भट्टीला एप्रिल २०२५ मध्ये बांधकामाचा परवाना मिळाला, तिच्यात हाच आयसोलेशन कंडेन्सर मुख्य आधार आहे. फरक असा की त्याचे व्हॉल्व्ह वीज गेल्यावर उघडतात. रोजच्या वीजनिर्मितीतही तिच्या गाभ्यातले पाणी पंपाशिवाय फिरते. ही कल्पना नवी नाही. नेदरलँड्समधील डोडेवार्डची छोटी भट्टी तशीच होती आणि ती १९९७ पर्यंत चालली.

अमेरिकेतील न्यूस्केल ही यातली सर्वाधिक बारकाईने तपासली गेलेली रचना असल्याने तिच्यावर थोडे थांबतो. गाभा आणि स्टीम जनरेटर एकाच उभ्या पात्रात, ते पात्र सुमारे २३ मीटर उंचीच्या पोलादी कवचात, आणि ते कवच जमिनीखालच्या मोठ्या हौदात बुडवलेले. दोन्हींच्या मधली पोकळी एरवी निर्वात ठेवतात, त्यामुळे थर्मासप्रमाणे उष्णता आतच राहते. संकट आले की वरचे आणि खालचे व्हॉल्व्ह उघडतात; वाफ पोकळीत शिरते, बाहेरून हौदाच्या पाण्याने थंड असलेल्या पोलादावर तिचे पाणी होते, ते तळाशी साचते आणि खालच्या व्हॉल्व्हमधून गाभ्याकडे परतते. वीज गेली तर हे व्हॉल्व्ह उघडण्याकडेच झुकतात. हौदाचे पाणी उकळून आटेपर्यंत क्षय-उष्णता इतकी उतरलेली असेल की पुढे हवाही पुरेल, असा रचनाकारांचा दावा आहे, आणि २५० मेगावॉट औष्णिक शक्तीच्या पात्रासाठी तो मला गणिताने पटण्यासारखा वाटतो.

पण या सुबक रचनेलाही परीक्षकांनी जे प्रश्न विचारले ते वाचण्यासारखे आहेत. चालू भट्टीत उच्च दाब असताना हे व्हॉल्व्ह चुकून उघडू नयेत म्हणून त्यांत दाबावर चालणारा एक अडसर आहे. हा अडसरच अडकला तर काय, आणि त्याला ‘बिघडू शकणारा सक्रिय भाग’ मानायचे की नाही, यावर अमेरिकी नियामक आयोगापर्यंत वाद गेला आणि २०१९ मध्ये आयोगाने मतदान करून तो मिटवला. पुढच्या वर्षी सल्लागार समितीने दुसरी गोष्ट पकडली. वाफेतून थंड झालेल्या पाण्यात साखळी प्रक्रिया रोखणारा बोरॉन जवळजवळ नसतोच. असे ‘कोरे’ पाणी एका बाजूला साचून मग एकदम गाभ्यात गेले तर साखळी प्रक्रिया पुन्हा चेतू शकते. रचनाकारांना आतल्या उभ्या नळकांड्याच्या भिंतीत लहान छिद्रे ठेवून पाणी मिसळत राहील अशी सोय करावी लागली. निसर्गनियमांवर चालणारी व्यवस्था सगळेच निसर्गनियम पाळते, आपल्याला सोयीचे तेवढेच निवडत नाही. जानेवारी २०२३ मध्ये दर पात्राला ५० मेगावॉट वीज देणाऱ्या रचनेला प्रमाणपत्र मिळाले आणि मे २०२५ मध्ये ७७ मेगावॉट वीज देणाऱ्या सुधारित रचनेला मान्यता. दरम्यान आयडाहोमधील पहिला प्रकल्प मात्र नोव्हेंबर २०२३ मध्ये रद्द झाला, तो खर्च वाढल्यामुळे आणि वीज घेणारे पुरेसे न मिळाल्यामुळे, सुरक्षेच्या कारणाने नव्हे.

आता त्या सोलरच्या हवेकडे परत येतो. थर्मोसायफनची ताकद किती असते, याचा अंदाज घ्या. गरम आणि थंड पाण्याच्या घनतेत दर घनमीटरला ९० किलोचा फरक आणि उंची आठ मीटर धरली, तर पाणी ढकलणारा दाब सुमारे ७ किलोपास्कल भरतो, म्हणजे जेमतेम पाऊण मीटर पाण्याच्या उंचीइतका. मोठ्या भट्टीचा पंप ऐंशी ते शंभर मीटर उंचीइतका दाब देतो. पंपाच्या दृष्टीने क्षुल्लक असणारे अडथळे थर्मोसायफनला थोपवू शकतात. एका प्रयोगशाळेत आमच्या पोलादी परिपथाचे हीटर एका सकाळी चालू केले तेव्हा प्रवाह सुरूच झाला नाही. तापमान चढत गेले, सगळी मापके तपासून झाली, आणि अखेर कारण निघाले ते आदल्या दिवशीच्या दुरुस्तीनंतर कंडेन्सरच्या वरच्या टोकाला राहून गेलेली थोडीशी हवा. तिने नळ्यांचा बराचसा पृष्ठभाग निकामी केला होता. ती सोडून दिल्यावर काही मिनिटांत प्रवाह लागला. प्रयोगशाळेत ही गंमत असते, कारण हीटर बंद करता येतो.

म्हणून पॅसिव्ह व्यवस्थेची विश्वासार्हता मोजण्याची पद्धत वेगळी लागते. पंपाबाबत ‘तो सुरू होईल की नाही’ एवढा प्रश्न असतो; थर्मोसायफन मात्र सुरू होऊनही अपेक्षेच्या निम्माच चालू शकतो. भाभा अणुसंशोधन केंद्रात प्रगत जड पाण्याच्या भट्टीसाठी, म्हणजे गाभ्यातले पाणी पूर्णपणे थर्मोसायफनने फिरवणाऱ्या आणि डोक्यावर सुमारे ८००० घनमीटर पाण्याचा हौद बाळगणाऱ्या रचनेसाठी, अशा अंशतः अपयशांचे गणित करणारी अ‍ॅप्सरा नावाची पद्धत विकसित झाली. ती भट्टी उभी राहिलेली नाही, पण तिच्यासाठी झालेले परिपथांवरचे प्रयोग आपल्या पदरी आहेत, आणि तारापूरच्या नव्या रचनांना ते कामी येतील असे मला वाटते.

व्हॉल्व्हच नको असेल तर दुसरी वाट आहे. चीनमधील शिदाओ बे येथील एचटीआर-पीएम या हेलियमने थंड होणाऱ्या भट्टीत इंधनाचे बारीक कण सिलिकॉन कार्बाइडच्या थरात बंद करून ६० मिलिमीटर व्यासाच्या ग्रॅफाइटच्या गोळ्यांत भरलेले असतात, आणि सुमारे १६०० अंश सेल्सियसपर्यंत ते थर किरणोत्सारी द्रव्ये धरून ठेवतात. २०२३ च्या १३ ऑगस्टला आणि १ सप्टेंबरला तेथील दोन्ही भट्ट्या प्रत्येकी २०० मेगावॉट औष्णिक शक्तीवर असताना शीतकरण मुद्दाम तोडण्यात आले. उष्णता ग्रॅफाइटमधून आणि पात्राच्या भिंतीतून बाहेर झिरपत राहिली आणि भट्ट्या स्वतःच थंडावल्या. जिवंत भट्टीवर केलेला असा प्रयोग मला शंभर माहितीपत्रकांहून मोलाचा वाटतो. मात्र त्याची किंमतही आहे : तिच्या गाभ्यात दर घनमीटरला सुमारे ३ मेगावॉट उष्णता निर्माण होते, दाबित पाण्याच्या मोठ्या भट्टीत १०० च्या आसपास. सुरक्षितता इथे विरळ गाभ्याच्या, म्हणजेच अवजड पात्राच्या आणि महाग विजेच्या रूपात विकत घेतलेली आहे.

इथवरचे थोडक्यात : लहान भट्टीत काढायची उष्णता कमी आणि भिंत तुलनेने जास्त, हे निर्विवाद आहे, पाणी पंपाशिवाय फिरते हेही सिद्ध आहे, भरवसा कमी-जास्त होतो तो व्हॉल्व्हची स्थिती, प्रवाहाची अल्प ताकद आणि उष्णता शेवटी जिथे जाते त्या हौदाची अवस्था यांवर. शिवाय काही गोष्टी जागेवर अवलंबून आहेत. एका हौदात २५० मेगावॉटची सहा पात्रे ठेवली तर एकूण औष्णिक शक्ती १५०० मेगावॉट होते, आणि ‘लहान’ हा गुण प्रत्येक पात्रापुरता उरतो, हौदापुरता नाही. भूकंपाने हौदालाच तडा गेला तर काय, आणि वापरलेल्या इंधनाचा साठा त्याच इमारतीत आहे का, हेही पाहावे लागते.

तारापूरविषयी बोलायचे तर दोन नावांची गल्लत टाळावी. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात २०,००० कोटींची तरतूद आणि २०३३ पर्यंत किमान पाच स्वदेशी लहान मॉड्युलर भट्ट्यांचे उद्दिष्ट जाहीर झाले. त्यातील २०० मेगावॉटची भारत स्मॉल मॉड्युलर रिअ‍ॅक्टर आणि ५५ मेगावॉटची तिची धाकटी बहीण यांचे पहिले संच तारापूरला योजलेले आहेत. २२० मेगावॉटची ‘भारत स्मॉल रिअ‍ॅक्टर’ मात्र वेगळी. ती नरोराच्या कुळातली, जड पाण्याची, अनेक वर्षे चालवून सिद्ध झालेली रचना आहे. तिचा भरवसा मुख्यतः अनुभवावर आणि भट्टी बंद करणाऱ्या दोन स्वतंत्र यंत्रणांवर आहे, आणि तिला न्यूस्केलसारखी ‘पॅसिव्ह’ म्हणणे मला योग्य वाटत नाही. त्यामुळे ती असुरक्षित ठरत नाही. पण परदेशी रचनेचे गुण तिच्या नावावर जमा करू नयेत.

बोईसरच्या रहिवाशाने काय करावे? मी तुमच्या जागी असतो तर घर विकले नसते. जनसुनावणीला मात्र गेलो असतो, आणि ‘सुरक्षित आहे का’ असे न विचारता, हौदात पाणी न भरता भट्टी किती दिवस राहील, तो आकडा एका पात्राचा आहे की सर्व पात्रांचा, बॅटरीसुद्धा गेल्यावर कंडेन्सरचे व्हॉल्व्ह कोणत्या स्थितीत थांबतात, आणि हे पूर्ण उंचीच्या परिपथावर कुठे तपासले, एवढे विचारले असते. अणुऊर्जा नियामक मंडळ जागा, बांधकाम, कार्यान्वयन आणि चालवणे अशा टप्प्यांनी परवानग्या देते, त्यामुळे बांधकामाच्या टप्प्यापर्यंत या प्रश्नांची आकड्यांतली उत्तरे रचनाकारांकडे असलीच पाहिजेत.